तूट

लीगचा इतिहास लिहून द्या, म्हणाली कमिटीची पोरं,
स्मरणिकेत दीड पान ठेवलं आहे,
खालच्या अर्ध्यात बियाण्यांची जाहिरात.

मी पेटीतून वही काढली.
वही कसली, जिनिंगचं रजिस्टर,
लाल कापडी पुठ्ठा, रकाने छापील :
गाडीवान, गाव, आवक, तूट, शेरा.
मी काट्यावरचा मापारी, दुसरे रकाने मला येत नव्हते.
म्हणून गाडीवानाखाली फलंदाज,
आवकीत धावा,
आणि कसा बाद झाला ते शेऱ्यात.

सन अठ्ठ्याहत्तर. गावं सहा. षटकं चाळीस,
कारण पन्नास संपेस्तोवर
दारव्ह्याची शेवटची एसटी निघून जाई.
सरकी उचलली की आवार मोकळं,
काथ्याची चटई, कोपऱ्यांना बंडीचे खिळे.
चेंडू एकच. नागपूरहून, कंडक्टरच्या पिशवीतून.
उभ्या पऱ्हाटीत गेला तर बावीस जण वाकून शोधत,
एकोणऐंशीचा एक सापडला ऐंशीत, वखरताना.

पहिलं शतक हाफिज मिस्त्रीचं.
आवक : एकशे चार.
अजून वाचताना क्विंटलच वाटतात.

एक्याऐंशीत बोरगाव आलंच नाही.
शेरा : संघातले सात जण एकाच नवरीचे भाऊ.

त्र्याऐंशीच्या जूनात ट्रान्झिस्टरवर देश जिंकला
आणि पुढच्या हंगामात
सहाची गावं चौदा झाली.
पॅडचे जोड मात्र तीनच राहिले.

सन शहाऐंशी.
इथं शाई थोडी फुटली आहे.

शालिक टेकाम, पोडावरचा, हिवऱ्याकडून खेळायचा.
पावलं मोजायचा नाही, बाभळीपासून निघायचा,
अनवाणी, डावा हात.
फायनलला आमचे पाच गेले त्याच्या चेंडूवर.
तरी आम्ही एकशे त्रेसष्ट.
हिवरा एकशे एकसष्ट, नऊ बाद, चेंडू शेवटचा,
आणि बॅट शालिकच्या हातात, जी त्याला कधी आली नाही.

मारला त्यानं. प्रेसघराच्या भिंतीकडे.
दोन धावले. दोन्ही पुऱ्या. मी पाहिल्या.
उकर्डे कंपाउंडर अंपायर, तो चेंडूकडे पाहत होता,
मग माझ्याकडे.
माझ्यामागं खुर्चीत शेटजी, मांडीवर सागवानी ढाल.
किती झाल्या, मापारी?

काट्यावर हे रोजचंच होतं.
क्विंटलमागं दोन किलो, ओलाव्याची.
हात सरावलेला.
एक, म्हणालो.

हिवऱ्याची पोरं अंगावर धावून आली.
शालिकनं हात आडवा धरला त्यांना.
"वहीत असन तेच खरं. मापारीदादा लिवते ना."
आणि बाभळीखालची चप्पल घेऊन गेला.

त्या रात्री कंदिलापाशी
नऊ वर्षं कोरा ठेवलेला रकाना मी एकदाच भरला.
तूट : १.
कुणी विचारलं नाही. वही कोण वाचतं.

पुढचं भराभर सांगतो.
ब्याण्णवला षटकं पंचवीस. अठ्ठ्याण्णवला जिनिंग बंद,
काटा भंगारात गेला, मी घरी.
मग टेनिसचा चेंडू, दहा षटकं, रात्रीचे दिवे,
बक्षिसाला फ्रिज.
धावा आता मोबाईल मोजतो, त्याचं चुकत नाही म्हणतात.
सीमारेषेचा चुना अजून शालिकच टाकतो,
वाकून, घमेलं ओढत, एक फेरी पुरी.
भेटला की विचारतो, "डोळे कसे हायेत, दादा?"

समोरचा पोरगा टाईप करत होता.
शहाऐंशीवर थांबला.
"काका, हे तूट म्हंजे काय?"
ओलावा, म्हणालो.
"किरकेटमंदी?"
मी चष्मा पुसत बसलो.
"पीचचा असन," तोच म्हणाला,
आणि पान उलटलं.