घोडबंदर रोड, नग चार

ऑर्डर आली भाद्रपद सरल्यावर,
गणपतीचे साचे धुऊन उलटे घातले होते तेव्हा.
कासारवडवलीत सत्तावीस मजल्यांचं 'अटिका एन्क्लेव्ह',
क्लबहाऊसच्या तलावाभोवती चार बायका हव्यात,
सहा फुटी, फायबरमध्ये, संगमरवरी फिनिश.
कोटेशनवर मी लिहिलं : ॲमेझॉन, नग चार.
सुगंधा पागधरे म्हणाली, पार्सलवाली?
नाही गं. तिच्या फार आधीची.

मोबाईलवर फोटो दाखवले.
मूळच्या कांशाच्या, त्या कुणीतरी वितळवल्या.
उरल्या दगडी नकला, नकलांच्या नकला,
आणि आता कोलशेतच्या शेडमध्ये आमची.
उजवा हात डोक्यावर टाकलेला, अंगावरचं वस्त्र ढळलेलं,
उजव्या छातीच्या बाजूला जखम,
दोन बोटं रुंद.

मी सांगत राहिले, रेझिन ढवळता ढवळता :
धनुष्य ओढायला आड येतो म्हणून
एक स्तन जाळून टाकायच्या, असं पुस्तकांत लिहिलंय.
सुगंधाने चारही फोटो मोठे करून पाहिले.
दोन्ही हायेत की, म्हणाली. सगल्यांना.
लिवनारा बाप्या, घडवनाराही बाप्या,
आधी एकमेकांत ठरवा म्हनावं.

मडक्यांवरही त्या आहेत, नक्षीदार विजारी घातलेल्या,
घोड्यावरून उलट वळून बाण सोडताना.
बहुतेक पडतानाच.
एकीला तर भाला खुपसताना त्याची नजर तिच्या नजरेला भिडली
आणि तो प्रेमात पडला, म्हणतात.
मारल्यावर?
हो, साधारण तेव्हाच.
ती काही बोलली नाही. ब्रशने मॅट दाबत राहिली,
हवेचा एक बुडबुडा राहू नये म्हणून.
मग बऱ्याच वेळाने,
आमच्या बाबाच्या पोथीत पन हाय, बायांचं राज्य.
तितं जोगी गेला नि अडकला.
त्याला सोडवायला चेला गेला.
बायांना काय वाटलं, ते पोथीत नाय.

घोडबंदर रोडवर घोडा नाही.
कधीकाळी उतरायचे म्हणे खाडीत, अरबी, गलबतांतून,
पोटात समुद्र ढवळलेला, चिखलात पाय थरथरत.
आता गायमुखच्या चढावर ट्रेलर धापा टाकतात
आणि सुगंधाची स्कूटी त्यांच्या मधून वाट काढते,
डिकीत डबा, हातमोजे, लेकीचा रिपोर्ट कार्ड.

दुपारी ती खांबाला टेकली,
उजवा हात वर, डोक्यावर टाकलेला,
रेझिनच्या वासाने डोळे अर्धे मिटलेले.
माझ्या हातातला फोन आणि ती.
मी काहीच म्हटलं नाही,
पण तिने पाहिलं मी काय पाहतेय ते.
ही हरलेली नाय, म्हणाली. दमलेली हाय.
इतकी वर्सं तुमाला कुनी सांगितलं नाय?

बिल्डरकडून तुंगारेसाहेब आले, साच्यातून पहिली निघाल्यावर.
छान, म्हणाले. मग एक पाऊल मागे जाऊन,
फक्त ती जखम बुजवा.
लहान मुलं असतात तलावावर. शिवाय वास्तूच्या दृष्टीने.
आणि पदर जरा वर.

बुजवली. पुटी भरली, घासली,
दोनशे नंबर, चारशे नंबर, पांढरा रंग.
पदर वर घेतला. पैसे घ्यायचे होते.

तळ बंद करण्याआधी सुगंधाने हात आत घातला,
खांद्यापर्यंत, गाल तिच्या मांडीला टेकवून.
बाय, हितं बघा.
मीही घातला.
पोकळ, खरखरीत, काचेच्या तंतूंचं अंग,
आणि वर, बरगड्यांपाशी,
बाहेरच्या खाचेचा आतला उंचवटा,
दोन बोटं रुंद. जसाच्या तसा.

चारही तशाच बंद केल्या आम्ही.
टेम्पोत आडव्या घातल्या, गोधड्या गुंडाळून,
डोकी ड्रायव्हरच्या बाजूला.
हातभर सुजला होता खाजेने, रात्रभर,
तिचाही, माझाही.
काचेचे तंतू असे लगेच निघत नाहीत.