प्रश्न क्रमांक सतरा

मॅडमनी सांगितलं, नाव लिहू नका.
फक्त वर्ष लिहा, आणि खरं लिहा.
पंख्याखाली तीस कागद फडफडतायत,
कुणी वर डबा ठेवलाय, कुणी कोपर.

सतरावा:
वॉर्डात चूक दिसली तर वरिष्ठांना मोकळेपणाने सांगता येते.
पूर्ण सहमत. सहमत. सांगता येत नाही.
असहमत. पूर्ण असहमत.

मी मधल्या चौकोनाशी अडलेय.
सांगता येत नाही,
म्हणजे ठाऊक नाही,
की सांगताच येत नाही?

मे महिना होता. फोंडा, दुसरा मजला.
खिडकीला लागून फणस पिकून फुटला होता
आणि दोन मास्कांच्या आत आम्हाला
वास फक्त आपल्याच श्वासाचा.
पाठीवर मार्करने लिहिलेलं: रुक्मा, थर्ड इयर.
सॅनिटायझरच्या फवाऱ्याने रुक्मा पुसट झाली होती,
थर्ड इयर शाबूत.

सात नंबरला जुझे कायतान परेरा.
नऊ नंबरला कायतान जुझे पिरीस.
एकाला साखर, एकाला नाही.
दोघेही उपडे,
आणि उपड्या माणसाला चेहरा नसतो.
पहाटे सात नंबरच्या भिंतीतला ऑक्सिजन धापा टाकू लागला,
परेराला जास्त लागत होता,
म्हणून मी आणि फ्रेझिनाने खाटा बदलल्या.
पाट्या भिंतीवरच राहिल्या.
हॅण्डओव्हर दारातून ओरडून झाला.

सिस्टर ओर्लिंडा आल्या. सलग नववा दिवस,
चष्म्यावर धुकं, हातात इन्सुलिन,
समोर पाटी: परेरा.

पण चादरीबाहेर तळवे होते.
माडाच्या खाचा चढून चढून चिरलेले, जाड, काळे,
आमच्या शेजारच्या आंतोनचे असतात तसे.
रेंदेराचे तळवे.
काणकोणात असे पाय आभाळाकडे जाताना बघत
मी लहानाची मोठी झाले.
परेरा शिंपी. त्याचे पाय मी पुसलेत, माहीत आहेत.

"सिस्टर," मी म्हटलं.
ते माझ्याच हनुवटीपर्यंत पोचलं.
"सिस्टर, हा तो नव्हे."
मॉनिटरची टिकटिक. त्यांनी दंडावर स्पिरिट फिरवलं.

मग मी किडनी ट्रे खाली टाकला.
टाकला.
रिपोर्टात "पडला" असं आहे.

सुई थांबली.
त्यांनी त्याच्या मनगटाचा पट्टा शोधला, डोळ्यांजवळ नेला,
वाचला. पुन्हा वाचला.
आणि न बोलता नऊ नंबरकडे गेल्या.
जाता जाता: "ट्रे उचल. धुवायला टाक."

दुपारी किट उतरवल्यावर, गालांवर मास्कचे वळ,
त्यांनी आपल्या उंड्यातला अर्धा माझ्यापुढे धरला.
"पुढच्या वेळी," म्हणाल्या,
"ट्रे आधी टाक. बोल मागाहून."

एवढंच असतं
तर मी "सहमत"वर खूण करून मोकळी झाले असते.

पण पाट्या बदलायचं काम माझं होतं.
फ्रेझिना म्हणालीही, पाट्या गो.
मी म्हटलं, आधी पाणी. सहा तास झाले.
बाहेर आले, किट उतरवलं, बाटली रिकामी केली,
पुन्हा किट चढवून आत येईपर्यंत
पाट्या डोक्यातून गेल्या होत्या.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
कुणी विचारलंही नाही.
तो अर्धा उंडा मी खाल्ला,
गिळताना अडकला नाही, हेही खरं लिहायचं तर लिहायला हवं.

पिरीस चालत घरी गेला.
दारात थांबून म्हणाला, "देव बरें करूं, बाय."
फॉर्मवर त्याच्यासाठी चौकोन नाही.
जे घडलं नाही
त्याचा रकाना कुठेच नसतो.

"पाच मिनिटं," मॅडम म्हणतात.
मी पान उलटते. मागे "इतर सूचना", चार रेघा.
लिहिते:
पाट्या खाटेला बांधा, भिंतीला नको.
त्या रात्री पाट्या राहिल्या, त्या माझ्याकडून.

पेन टेकवलेलंच आहे.
नाव कुठेच नाही. वर्ष तेवढं आहे, तृतीय.
तृतीय वर्षात आम्ही तीस जणी,
ट्रे टाकणारी एकच.
शेजारी फ्रेझिना कोपराखाली कागद दाबून बसलीय,
तिचा सतरावा अजून कोरा.
माझाही.