एकवीस भागिले तीन

अमळनेरला स्टेशनच्या रस्त्यावर
आमचं पिंजाऱ्याचं दुकान.
मशीन चालू झालं की अब्बांच्या भुवया पांढऱ्या,
बंद झालं की झटकून पुन्हा काळ्या.
मी सातवीत. दुपारी गल्ल्यावर बसून गृहपाठ.

गोजरबाई बडगुजर आली तेव्हा
डोक्यावर घरच्या कापसाचं गाठोडं,
पदराच्या गाठीत सुताराची चिठ्ठी.
मुलानं सुरतेला फळीचा पलंग करवला होता,
त्यावरची गादी तिला इथून पाठवायची होती.
चिठ्ठीवर: फळी एकवीस चौरस फूट. रुंदी तीन.
लांबीच्या जागी खोबरेल तेलाचा डाग,
पलीकडचं बोट दिसेल इतका जुना.

'लांबी कितली?'
'माले काय मालूम, भाऊ. त्याना फोन लागत नही.'

सहा धरू, अब्बा म्हणाले. पलंग सहाचाच असतो,
तीस वर्षं सहाच कापतोय.
थांबा, मी म्हटलं,
आणि वहीवर चौकोन मांडत गेलो,
एकेका ओळीत तीन, एकेका ओळीत तीन.
सहा ओळी झाल्या तरी तीन चौकोन उरलेच.
सात.

अब्बा हसले. 'इतला उंच कोन शे?'

गोजरबाई हसली नाही.
आधी तिनं हात खांद्याशी धरला.
सोळाव्या वर्षी गाडीत बसला तेव्हा तो तिथवर होता.
मग हात कपाळाशी आला. मग डोक्यावर.
मग टाचा उचलून
दुकानाच्या चौकटीला टेकेल इतका वर,
आणि तिथे तिनं तो थोडा वेळ ठेवला,
तळवा खाली करून.

मला सांगायचं होतं,
ही फळीची लांबी आहे, माणसाची नाही.
दोघं झोपत असतील पाळीपाळीनं,
उशाशी पेटी ठेवत असेल,
किंवा सुताराकडे तेवढीच फळी असेल.
उदाहरणात त्याच्याबद्दल काहीच दिलेलं नाही.
अब्बांनी गल्ल्याखालून माझ्या पायावर पाय दिला.

मग त्यांनी गजानं सात फूट मोजले,
वर चार बोटं जास्त,
भरल्यावर गादी आखडते म्हणून.

रात्रीच्या सुरत पॅसेंजरसाठी
सुतळीनं बांधून झाली तेव्हा
बाहेर दिसत होती फक्त तीन फुटांची बाजू.
सात फूट आत,
गुंडाळलेले.