प्रूफ

रविवार कारंजाच्या मागे, जिन्याखालच्या खोलीत
माझा एक कॉम्प्युटर, एक पंखा, आणि दोन पक्ष.

गायधनी मंगळवारी येतात. मजकूर हातानं लिहिलेला,
पाठकोऱ्या कागदांवर; उलटवले की
कुणाच्या तरी साखरपुड्याचं आमंत्रण.
खैरनार येत नाहीत. बुधवारी फोनवरून सांगतात,
मी कानाला खांदा लावून टाईप करते,
मधेच ओरडतात, "पूर्णविराम नको ताई,
उद्गारचिन्ह द्या. दोन द्या."

पानाला ऐंशी रुपये.
'ठिणगी'तल्या शिव्या आणि 'चिमट्या'तल्या शिव्या
एकाच कीबोर्डवरून जातात.
त्यातलं 'ल'चं बटण अडकतं,
म्हणून लाचार, लबाड, लाळघोट्या
मला जरा जोरात म्हणावे लागतात.

"साहेबांच्या दारात शेपूट हलवणारा हा पंचवटीचा पोपट"
असं खैरनारांनी गायधनींवर सांगितलं.
पोपट शेपूट हलवतो का, मी विचारलं नाही.
पुढच्या मंगळवारी गायधनींचं उत्तर:
"ज्याला स्वतःच्या वॉर्डात चार मतं पडत नाहीत
त्यानं मंत्रिमंडळाला अक्कल शिकवू नये."
चार नव्हती. एकशे बारा होती.
मला माहीत आहे,
त्यातलं एक माझं.

मग एका शनिवारी दुपारी
मुंबईत कुणीतरी शपथ घेतली.
टीव्हीवर दोघांचे साहेब एकाच गाडीतून उतरले,
एकमेकांना आधी उतरायला सांगत.
माझ्याकडे दोन्ही अंक लागून तयार,
सकाळी छपाईला जायचे.

रविवारी आठलाच शटर वाजलं.
खैरनारांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं,
आवाजापेक्षा बरेच बारीक.
मागोमाग गायधनी, पायजम्यावर.
"आधी तुमचं होऊ द्या."
"नाही नाही, तुमचं."
दोघांचं काम एकच होतं:
'गद्दार' काढून 'मुत्सद्दी' घालायचं.
एका अंकात एकोणीस ठिकाणी, दुसऱ्यात तेवीस.
मशीनला काय, ते विचारत नाही, "नक्की ना?"
विचारतं, खरं तर.
मीच "हो" दाबलं.

गंगेला पूर आला की आमच्याकडे
दुतोंड्या मारुती बघायला जातात,
पाणी कमरेला लागलं की छातीला.
त्या दिवशी घरी जाताना पात्र कोरडं होतं,
मारुती पायापर्यंत दिसत होता, दोन्हीकडून,
आणि मला काहीतरी सुचलं होतं.
पण मी लिहीत नाही. टाईप करते.

तीन महिने दोन्ही अंक सपक गेले.
वाढदिवस, भूमिपूजन, शुभेच्छुक, शुभेच्छुक.
गायधनी कोरा कागद घेऊन बसायचे,
चहा गार व्हायचा, मग म्हणायचे,
"मागच्या वेळचंच थोडं फिरवून घ्या."
खैरनारांचा फोन दोन मिनिटांत संपायचा,
उद्गारचिन्ह एकही नाही.

महामंडळांच्या वाटपावरून फिसकटलं ते दिवाळीनंतर.
बुधवारी फोन आला, पाऊण तास चालला.
माझा खांदा दुखून गेला.
गुरुवारी गायधनी, वार नसताना, सहज म्हणून आले.
स्क्रीनवर खैरनारांचं पान उघडंच.
"सरका जरा," म्हणाले.
चष्मा कपाळावर नेऊन, उभ्यानं,
स्वतःबद्दलची दीड पानं वाचली.
एकदा नाकातून हसले.
मग काचेवर बोट टेकवून:
"हे बघा. कृतघन नाही, कृतघ्न.
घ अर्धा. पाचवीतलं पोर लिहील.
सांगा त्याला,
मला म्हणायचंय तर नीट म्हण."

चूक माझी होती.
खैरनार तर तोंडी सांगतात.
पण इतक्या दिवसांनी त्यांचा चेहरा उजळलेला,
खिशातून पाठकोरा कागद आधीच बाहेर.
मी काही बोलले नाही.
घ अर्धा केला.