वाऱ्याचं सोंग

खिडकीतून खरा समुद्र दिसतो,
तरी चाचणीत मी त्याला घेत नाही.
दर वेळी त्याला विचारायचं,
तो बोलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं,
आणि हवामान खातं दिवसाला पाचशेच प्रश्न फुकट देतं.
परवडत नाही.
म्हणून कुरेसारेच्या या दुसऱ्या मजल्यावर
आम्ही एक खोटं हवामान खातं उघडलंय.
ओळी अकरा, कर्मचारी कोणी नाही.
बाहेर निघालेली विनंती उंबऱ्यातच अडवायची
आणि आतूनच आवाज बदलून सांगायचं:
दोनशे, सगळं ठीक,
वारा सेकंदाला चार मीटर, नैऋत्येचा.

भातुकलीच ही.
बोळक्यात वाळू, तिला म्हणायचं भात,
आणि पोटभर जेवल्यासारखी ढेकर द्यायची.
फक्त या भातावर
फेरीबोटीची तिकिटं विकली जातात.

लीविका आमच्यात सगळ्यात धाकटी,
तिचा या खेळात हात बसलेला.
तिने खोट्या सर्व्हरला तापही आणला, पाचशेतीन.
तीस सेकंद मुका केला त्याला,
एकदा तर अर्ध्या वाक्यात जीभच तोडली.
आमचा कोड कशालाही डगमगला नाही.
चारशे बारा चाचण्या, सगळ्या हिरव्यागार.
आम्ही केक मागवला.

मार्चमध्ये खऱ्या खात्याचं एक उत्तर
आम्ही जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं,
पोपटाला तेवढंच शिकवलं.
पोपट चुकला नाही, हे आधीच सांगते.
ऑक्टोबरात खात्याने बोली बदलली.
वारा या एका रकान्याचे दोन केले,
सरासरी वेगळी, झोत वेगळे.
तसं पत्र आलं होतं म्हणे,
आम्ही कोणी न उघडणाऱ्या पेटीत.
आमच्या कोडने जुन्या जागी हात घातला.
तिथे काही नव्हतं.
काही नाही म्हणजे शून्य,
शून्य म्हणजे शांत,
शांत म्हणजे विका.

त्या संध्याकाळी विर्त्सूच्या धक्क्यावर
एकसष्ट गाड्या रांगेत उभ्या, प्रत्येकाच्या हातात
आमचं तिकीट, सात वीसची फेरी.
एकात लग्नाचा केक होता,
एकात मधमाश्यांच्या दोन पेट्या,
आणि मागच्या व्हॅनमधल्या बाईला
रात्रीच्या पाळीवर हजर व्हायचं होतं.
बोट दोरखंडांनी बांधलेली,
तरी धक्क्याला धडका देत होती.

आडूचा फोन आला. आडू तिथला पाळीप्रमुख,
एकतीस वर्षं त्याच धक्क्यावर.
ओरडला नाही. वाऱ्यात ओरडून उपयोग नसतो
हे त्याच्या अंगात मुरलेलं.
एवढंच विचारलं,
"तुमच्या पडद्यावर कुठला समुद्र आहे?"

लीविकाने उत्तर म्हणून चाचण्या पुन्हा चालवल्या.
सगळ्या हिरव्या.
मग ती खिडकीशी गेली.
खालच्या बंदरात शिडांच्या काठ्या
एकमेकींवर आपटत होत्या.
तो आवाज तासभर येत होता,
आमच्या कानांना हेडफोन.

पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात.
वाऱ्याचं येतं.
अकरा ओळींत येतं, इतकं हुबेहूब
की आणणाराच कोट घरी विसरतो.

पैसे परत केले. रकाना दुरुस्त केला.
शून्य आणि रिकामं यांची ताटातूट केली,
ती आधीच व्हायला हवी होती.
लीविका म्हणाली, खोटं खातं बंद करू.
मी नको म्हणाले.
ओळ बदलली की समुद्राला हाक मारायची,
असं कोणाला जमतं?
बुजगावणं शेतात हवंच,
फक्त त्याला जेवायला वाढू नये.

आता रोज पहाटे तीनला
एकच चाचणी, एकटी,
खऱ्या दाराशी जाते.
बहुतेकदा गुमान परतते.
कधी लाल होऊन येते:
दार लागलेलं, किंवा आत कोणी भलतंच बोललं.
आडू तेव्हा जागाच असतो.
परवा त्याला फोन लावला, विचारलं,
किती आहे?
"थांब," म्हणाला,
आणि फोन तसाच हातात धरून
बाहेर गेला.