माती बाहेर ठेवली आहे

सप्टेंबरात एका कॅफेसाठी चारशे मग केले.
एकच उंची, एकच कान,
एकच निळा, जो माझा नव्हताच.
तीनशे नव्वदाव्या मगाला हातांनी मला विचारलं,
आम्ही आलो नाही तर चालेल का?
मी म्हटलं, दहाच राहिलेत.
तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

आता डिसेंबर.
मिडलपोर्टला साडेतीनलाच दिवस आवरायला घेतो,
चारला कुलूप.
कालव्यावर साय धरलीय बर्फाची
आणि एक बदक तिच्यावर उभं राहून
आपलं वजन तपासतंय.
चाक पुसून फडक्याखाली. भट्टी बंद.
विजेचं बिल पाहिल्यावर ती पेटवायला कारण लागतं,
आणि कारण नाहीये.

शेजारी क्लिफर्ड टनिक्लिफ, वय एक्याऐंशी.
पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या कपांना कान चिकटवले त्यानं.
रविवारी ओटकेक आणतो फडक्यात गुंडाळून,
मी त्यांना घावन म्हणते, तो त्यांना जेवण म्हणतो,
दोघंही चीज घालून खातो.
शेडमध्ये डोकावला. रस्ता खणताना निघालेली
इथलीच लाल माती, ताडपत्रीखाली ढीगभर.
"झाकून कशाला ठेवलीस? बाहेर काढ तिला.
थंडी खाऊ दे."

थंडी खाऊ दे!
मी अशा घरातली, जिथं
विरजणाच्या भांड्यालाही हिवाळ्यात शाल गुंडाळायचे.
तरी काढली. भिंतीशी उघडी टाकली
आणि रात्रभर कूस बदलत राहिले,
घरातलं आजारी माणूस
अंगणात निजवून आल्यासारखी.

जानेवारी. उणे सात.
काही न करणं मला येत नाही, शिकवलंच नाही कुणी.
हाताला चाळा म्हणून जुन्या वह्या काढल्या.
एकीत, सोळा वर्षांपूर्वीचं, एका वाडग्याचं चित्र,
बूड जाड, तोंड किंचित वाकडं,
शेजारी माझ्याच अक्षरात:
हे जमलं तर बाकी काही नको.

जमलं नव्हतं.
बाकी मात्र सगळं हवं झालं होतं.

त्याच रात्री बाहेर आवाज झाला, बारीक,
कुणी अंधारात पापड मोडावा तसा.
टॉर्च घेऊन गेले.
ढेकळं फुटत होती.
आत शिरलेलं पाणी गोठून फुगत होतं
आणि मातीला आतूनच सैल करत होतं,
घाई नाही, मोगरी नाही.
मी तीन दिवस तुडवून, आपटून जे करते
ते कुणीही न करता चाललं होतं.
मी चपला घालून गेले होते, मोजे विसरून.
तरी उभी राहिले.

आपल्याकडे शब्द आहे याला. मुरणं.
लोणचं मुरतं, पाणी जमिनीत मुरतं,
ताप अंगात मुरतो, माणूसही मुरतो.
पण मी त्या शब्दाला कायम
वैशाख, बरणी आणि दादरा बांधून ठेवलेला.
तो बर्फातही चालतो, हे ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीत टनिक्लिफनं विचारलं, काय केलंस महिनाभर?
काही नाही, म्हटलं.
"बेस झालं."
मग वाकून चिमूटभर माती उचलली,
बोटांत चोळली, हुंगली.
"हिला अजून एक गारठा लागेल."
मला वाटलं, माझ्याबद्दल बोलतोय.
नाही. मातीबद्दलच बोलत होता.
अंगठा मात्र त्याचा अजूनही वाकलेला,
समोर कप नसताना
कान चिकटवायच्या बेतात.

आज हातमोजे काढले.
ढिगात मनगटापर्यंत हात घातले.
झोंबलं.
आणि इतक्या दिवसांनी ते काहीतरी पुटपुटले,
अर्धवट, झोपेतल्यासारखं.
लिहून घेणार होते. नाही घेतलं.
चाकावरचं फडकं तसंच आहे.
उद्या पुन्हा गारठा सांगितलाय.