सीमाशुल्क

वास्कोच्या कचेरीचं पाकीट
मी शहापूरच्या दुकानात फोडलं,
वरच्या ओळीतला एक शब्द मोठ्यानं वाचला,
तर भरमाशेठ मुचंडीकर हसले.
'सीमा आमच्या पाचवीला पुजलेली.
आता शुल्काचं काय म्हणतात, ते वाच.'

पाच वर्षं झाली त्या कंटेनरला.
मलेशियाच्या रबरवुडच्या खुर्च्या, नग दोनशे चाळीस.
बंदरात कुणी साहेबानं एक खुर्ची उलटी केली,
गादीखालची पत्र्याची पट्टी बघितली, चार स्क्रू बघितले,
आणि लाकडाला लोखंड म्हणून लिहिलं.
त्या एका शब्दाचे
चार लाख अठरा हजार जास्त.
भरले. भरल्याशिवाय माल सुटत नाही,
आणि बंदरातल्या खुर्चीवर माणूस बसत नाही,
रोजचं भाडं बसतं.

मग ट्रक चोर्ला घाट चढून आला.
मग अपील. मग तारीख. मग साहेब बदलला.
अर्ज इंग्रजीत, बँकेची पावती कन्नडात,
माझी रोजकीर्द मराठीत,
आकडा तिन्हीकडं तेवढाच.

आता पत्र म्हणतंय, लाकूड हे लाकूडच होतं.
पैसे परत मिळतील.
फक्त एवढं दाखवा
की हा बोजा तुम्ही गिऱ्हाइकावर टाकला नाही.

हिरेमठ मॅडमनी चष्मा पुसला.
'वहीत "येणे" म्हणून धरलंय की "खर्च" म्हणून?
येणे असेल तर मी आजच सही करते.'
मी वही उघडली नाही.
मला पान पाठ होतं.

त्या रात्री हमाल गेल्यावर
कॅल्क्युलेटरवर मीच भागाकार केला होता.
एका खुर्चीला सतराशे एक्केचाळीस रुपये सदुसष्ट पैसे.
शेठ म्हणाले, पैशाचा हिशोब कशाला, सतराशे पन्नास कर.
जुन्या चिठ्ठ्या नखानं खरवडून
दोनशे चाळीस नव्या चिठ्ठ्या मीच चिकटवल्या.

येळ्ळूरच्या बाईंनी सहा नेल्या, मुलीच्या लग्नात द्यायला.
भाग्यनगरच्या दाताच्या डॉक्टरनं बारा.
आणि इराप्पा अष्टेकरनं एक,
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खाली बसायचं नाही म्हणून.
'कमी करा की वो,' म्हणाला.
शेठनी पन्नास सोडले.
दोन हप्त्यांत त्यानं ती फेडली,
दुसऱ्या हप्त्यात दहाच्या नोटा.

वहीत 'खर्च'च्या आधी
एक बोटभर जागा मोकळी आहे.
माझं अक्षर तेच, पेनची कंपनी तीच.
शेठनी जागा बघितली, मी बघितली,
मॅडम खिडकीबाहेर
रिक्षाकडं बघत राहिल्या.

'वर किती पडल्यात?' शेठनी विचारलं.
चाळीस. न विकलेल्या,
दोघींच्या पायाला भुंगा लागलेला.
'मग चाळिसाचंच माग.
तेवढा बोजा आमच्याच माळ्यावर हाय.'

'आणि बाकीचे?'
बाकीचे दिल्लीत एका निधीत जातात, मॅडम म्हणाल्या,
ग्राहकांच्या कल्याणासाठी.

अर्ज टपालात टाकून येताना
वडगावात इराप्पा दारात दिसला,
त्याच खुर्चीत, हाताच्या दांड्याला सुतळी गुंडाळलेली.
मी सांगायचा प्रयत्न केला:
लोखंड, लाकूड, तुझे सतराशे, दिल्ली.
त्यानं नीट ऐकून घेतलं.
मग दोन्ही हातांनी दांडे धरले.

'म्हणजे आता,' म्हणाला,
'खुर्ची परत न्यायला आलास काय की?'